बैलाचं इन्शुलिन आणि दिघोरीचा पोळा

मी विज्ञान शाखेत राहिलो. आता हे वाक्य आपण वाचलंच नाही असं धरून चालू, कारण १९८१च्या पोळ्यापर्यंत माझं बाहेर जाणं जवळजवळ पक्कं होतं.

जीवशास्त्रात मला शंभरापैकी अकरा मिळाले होते. भंडाऱ्याच्या कॉलेजात घनश्याम सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "गावाहून येताना एका प्रथिनाचं पूर्ण मॉडेल करून आण. पूर्ण म्हणजे पूर्ण. एक मणी कमी दिसला, तर सोमवारपासून तू कला शाखेत." कला शाखेत माझा मोठा भाऊ खुशाल तीन वर्षांपासून एकाच वर्गात होता. घरात तेवढी कला पुरे होती.

मी बैलाचं इन्शुलिन घेतलं. ते लहान असतं. एक्कावन्न अमिनो आम्लं, दोन साखळ्या, एक एकवीसची आणि एक तीसची. आम्लांच्या जाती सतरा, म्हणून मण्यांसाठी सतरा जातींच्या वस्तू जमवल्या: शिंगाडा, सुपारी, चिंचोका, हळकुंड, हिरडा, असं काय काय. एक आम्ल सहा जागी येतं आणि साखळ्यांना धरून ठेवतं. तिथे बिबे ओवले, तांब्याच्या तारेनं जोडले. लायसिन अख्ख्या इन्शुलिनमध्ये एकच. त्याला आईचं एकुलतं एक जायफळ. मग पुस्तकात बघून माळ वळवली, कारण प्रथिनाचं सगळं काम त्याच्या घडीवर चालतं. घडी मोडली की मणी नुसते मणी.

पोळ्याच्या सकाळी यादोराव पाटील ओसरीवर आले. खुंटीवरची माळ बघून म्हणाले, "हे काय होय बे?"

"बैलाचं आहे जी," म्हणालो आणि आंघोळीला गेलो. एवढं अचूक शास्त्रीय उत्तर मी आयुष्यात पहिल्यांदाच दिलं होतं.

संध्याकाळी आखरावर, म्हणजे गावाची गुरं जमतात त्या मोकळ्या जागी, बैलांच्या रांगेसमोर तोरण बांधलेलं. आंब्याच्या पानांत मधोमध माझं इन्शुलिन. मी ओरडलो. पण झडत्या, म्हणजे पोळ्याला ओरडून म्हणायची कवनं, चालू होत्या. लोकांना वाटलं मीही एक म्हणून राहिलो, आणि सगळे "हर हर महादेव" म्हणून मोकळे झाले. पाटलांचा बैल खालून गेला, तोरण तुटलं, आणि रीतीप्रमाणे ज्याच्या हाती जे आलं ते त्यानं बरकतीसाठी घरी नेलं. प्रथिन तोडायला पोटाला काही तास लागतात. दिघोरीनं ते एका मिनिटात केलं.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल ओढत होती आणि मी पिशवी घेऊन दारोदार. पहिलं घर शेजारच्या चंद्रभागाबाईंचं.

"काकू, माहा शिंगाडा द्या जी."

"कायले? तो धानाच्या ढोलीत टाकला. घरात आलेली बरकत कोनी वापस करते का?"

"माहं सायन्स अडकलं आहे त्याच्यात."

"मंग दुसरा घेऊन जा ना! शिंगाडा शिंगाडाच असते."

मी दारातच उभा राहिलो. जे मला वर्षभर कळलं नव्हतं ते काकूंनी उंबरठ्यावर सांगितलं. शरीर तरी काय करतं? डाळीतलं प्रथिन तोडतं आणि त्यातलेच मणी आपल्या क्रमानं ओवून आपलं प्रथिन बनवतं. हा मणी कोणाच्या घरचा, असं तिथे कोणी विचारत नाही.

मग मी माझाच मणी मागणं सोडलं, त्याच जातीचा कुठलाही मागायला लागलो. बिब्याचं तेल लागलं की फोड येतात, म्हणून बिबेवाले फोडांवरून सापडले. माझ्या सवंगड्याच्या, मंगरूच्या तळहातावर तीन होते. "तुहं सायन्स चावते बे," म्हणत त्यानं तिन्ही बिबे चिमट्यानं परत केले. दुपारपर्यंत पन्नास मणी झाले.

राहिलं लायसिन. धानाच्या गावात लायसिनचा तुटवडा असतोच, भातात ते कमी असतं असं पुस्तकातही लिहिलं आहे. गावातलं जायफळ आदल्या दिवशीच पुरणात गेलं होतं. माझं पाटलीणबाईंना, म्हणजे रंभाबाईंना सापडलं होतं.

"ते त पुरणात किसलं बापा. पयली पोळी बैलाले चारली."

"पूर्ण चारली?"

"बैल का अर्धी पोळी खाते?"

लाखांदूरपर्यंत सायकल हाणली. दुकानं बंद. परत आलो, पन्नास मणी ओवले, घडी बसवली, आणि दुसऱ्या साखळीत एकोणतिसावी जागा रिकामी ठेवून सोमवारी सरांच्या टेबलावर मॉडेल ठेवलं.

सरांनी दोनदा मोजलं. "पन्नास."

"एक्कावन्नावं बैलात आहे, सर. मॉडेल बैलाचंच आहे. लायसिन मूळ ठिकाणी गेलं."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "लेखी आण," ते म्हणाले. "तोपर्यंत मागच्या बाकावर बस."

मी बसलो आणि तिथेच कागद काढला.

प्रति, मा. पशुधन विकास अधिकारी. विषय: बैलाच्या अंगी लागलेल्या जायफळाचा दाखला मिळणेबाबत. महोदय, मौजा दिघोरी येथील श्री. यादोराव पाटील यांच्या पांढऱ्या बैलाने खाल्लेले माझे लायसिन सदर बैलाच्या इन्शुलिनमध्ये साखळी क्रमांक दोन, जागा एकोणतीस येथे बसले आहे किंवा कसे, याची समक्ष पाहणी करून सही-शिक्क्यानिशी दाखला द्यावा. तसेच वार्षिक परीक्षेचा निकाल लागेपर्यंत सदर बैलाने ते अन्य कोणत्याही प्रथिनासाठी वापरू नये, असा आदेश त्यास बजावण्यात यावा, ही नम्र विनंती.