सव्वासहाची बस

रखवालदाराने एकशे बारावा पुठ्ठा भिंतीला टेकवला, त्यावर बिल्ला चिकटवला आणि त्याच नंबरचा दुसरा बिल्ला पुठ्ठ्याच्या मालकिणीच्या हातावर ठेवला.

“नीट सांभाळा हो,” ती म्हणाली. “कोपऱ्यात माझं नाव आहे. मागे एका ठिकाणी मला भलतीचाच मिळाला. मधून मोडलेला.”

तिच्या मागे रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती आणि रांगेतल्या जवळजवळ प्रत्येकीच्या काखेत घडी केलेला पुठ्ठा होता. रविवार होता. हाँगकाँगातल्या घराघरांत आठवडाभर राबणाऱ्या फिलिपिनो बायका सकाळपासून चौकांत आणि पुलांवर पुठ्ठे अंथरून बसल्या होत्या, गप्पा मारत, एकमेकींची नखं रंगवत. तिथून उठून त्या थेट ‘लांपारा’ बँडच्या कार्यक्रमाला आल्या होत्या. पुठ्ठा टाकून कशा येणार? फ्रिजच्या खोक्याचा कोरा, जाड पुठ्ठा काही दर रविवारी मिळत नाही. सभागृहाच्या नियमांत आत काय आणू नये याची लांबलचक यादी होती. तीत पुठ्ठ्याचं नाव नव्हतं, म्हणून व्यवस्थापकांनी आजच्यापुरता नवा नियम केला होता आणि तो अमलात आणायला एकच माणूस ठेवला होता.

बाजूच्या दारातून हे सगळं बघत असलेल्या बँडच्या ड्रमवाल्याने, गोरियोने, घड्याळ पाहिलं. चार वीस. चारला सुरू व्हायचं होतं.

“जेवलास का?”

आई मागेच उभी होती. तिने त्याच्या हातात पान्सितचा डबा ठेवला. शेवयांवर लिंबाची फोड वेगळ्या कागदात बांधलेली होती.

“कार्यक्रमाआधी जेवत नाही मी, आई.”

“म्हणूनच असा दिसतोस. ड्रम तू वाजवतोस की ड्रम तुला?”

त्याची आई ऑरोरा बावीस वर्षं हाँगकाँगात होती. गोरियो सात वर्षांचा असताना ती आली. दर वर्षी घरी तिचं एक मोठं खोकं जायचं. साबण, डबाबंद मांस, टॉवेल, चपला, आणि सहाही बाजूंना जाड पेनाने लिहिलेलं मुलाचं नाव. वस्तू घरात वाटल्या जायच्या, खोकं गोरियोला मिळायचं. पालथं घालून तो त्यावर वाजवायचा. हल्ली तो आठ देश हिंडून वाजवत होता, पण आईने त्याला समोर बसून कधी ऐकलं नव्हतं. तिची सुट्टी नाताळात, आणि नाताळ म्हणजे ‘लांपारा’चा हंगाम. ती घरी असायची तेव्हा तो कुठल्या तरी गावच्या मैदानात असायचा.

“सहाला उठेन हं मी,” ती म्हणाली. “सव्वासहाची बस. सातला यीप आजोबांना जेवण आणि गोळ्या. माझ्याशिवाय ते दुसऱ्या कोणाच्या हातून घेत नाहीत. नव्वदीचे आहेत, पण हट्ट बघावा तर तुझ्यासारखा.”

“सहाला?”

“का रे? तोवर होईल ना?”

“होईल,” गोरियो म्हणाला.

होणार नव्हतं. चौदा गाणी, शंभर मिनिटं. ‘परतीचं तिकीट’ हा नवा संच, आणि त्यातली गाणी ठरलेल्या क्रमाने. चौदावं होतं ‘खोकं’. संचातलं तेवढं एकच गाणं गोरियोने लिहिलेलं होतं, आणि हे त्याने आईला सांगितलं नव्हतं. सांगायचं नव्हतंच. ऐकवायचं होतं.

तो डिंडोच्या खोलीत गेला. डिंडो बँडचा गायक. आवाज जपण्यासाठी कार्यक्रमाआधी तासभर तो मौन पाळायचा आणि जे बोलायचं ते वहीत लिहून दाखवायचा. त्या तासात त्याच्याशी भांडणं फार अवघड होतं, कारण त्याचं अक्षर वाईट होतं.

“डिंडो, ‘खोकं’ जरा आधी घेऊ या का? पाचवं वगैरे?”

डिंडोने वाफेच्या भांड्यातून तोंड वर काढलं आणि लिहिलं, “दिवे.”

दिव्यांचा सगळा खेळ गाण्यांच्या क्रमाला बांधलेला होता, हे खरंच होतं.

“मधलं एखादं गाणं गाळलं तर?”

डिंडोने पान उलटलं. “का?”

गोरियोला सांगता आलं असतं. पण बँडमधल्या एकोणतीस वर्षांच्या माणसाने ‘माझी आई आली आहे’ म्हणून गाण्यांचा क्रम बदलायला सांगणं त्याला जमलं नाही. “असंच,” तो म्हणाला. डिंडो पुन्हा वाफेत गेला.

शेवटचा पुठ्ठा भिंतीला लागला तेव्हा चार पस्तीस झाले होते.

आई तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. पर्स मांडीवर, पट्टा खांद्यावर, पाय वाटेकडे वळलेले. बसलेली होती, पण निघाल्यासारखी.

गोरियोच्या कानात छोटं यंत्र होतं. गाण्याची लय किती, ते टक टक करून सांगणारं. ते फक्त ड्रमवाल्याला ऐकू येतं. बाकीचे ड्रमवाल्याच्या मागे जातात, आणि हजारो माणसं बाकीच्यांच्या. पहिलं गाणं यंत्राच्या हुकमाने पार पडलं. सात मिनिटं. गोरियोने मनात तेराने गुणलं. मग यंत्र कानातून काढलं, खिशात टाकलं आणि दुसरं गाणं सुरू केलं.

पहिल्या कडव्याला कोणाला काही कळलं नाही. दुसऱ्या कडव्यात डिंडोला जिथे श्वास घ्यायची सवय होती ती जागा येऊन निघून गेली. बेस वाजवणारा एल्मर मान वळवून गोरियोकडे बघू लागला. एल्मर मुळातच कमी बोलणारा. त्याने भुवया उंचावल्या, गोरियोने हनुवटीने तिसरी रांग दाखवली, एल्मरने तिकडे पाहिलं, पर्स पाहिली आणि तो बोटं वेगात चालवायला लागला.

दोन गाण्यांच्या मध्ये डिंडो बोलायचा. त्याच्या चाहत्यांच्या मते तो फार खोल बोलायचा.

“मैत्रिणींनो,” तो म्हणाला, “अंतर म्हणजे काय? मी जेव्हा समुद्राकडे बघतो...”

धम्, धम्, धम्. गोरियोने तिसरं गाणं सुरू केलं होतं.

चौथ्याच्या आधी डिंडोने पुन्हा प्रयत्न केला. त्या वेळी समुद्रसुद्धा आला नाही.

संचातलं सातवं गाणं विरहाचं होतं. मनिलात ते ऐकताना लोक डोळे पुसत, सिंगापूरला मोबाइलचे दिवे लावून डोलत, असं वर्तमानपत्रांत छापून आलेलं. हाँगकाँगात ते अशा वेगाने आलं, की पुठ्ठ्यावर बसून बसून पाय आखडलेल्या दोन हजार बायका एकदम उठल्या आणि नाचायला लागल्या. विरहावर असं कोणी नाचलेलं डिंडोने पाहिलं नव्हतं. त्याचा शर्ट पाठीला चिकटला. पण गडी मोठा होता. एक शब्द गाळला नाही त्याने, एक सूर खाली पडू दिला नाही. धाप लागली तेव्हा माइक बायकांकडे धरला, आणि त्यांनी ओळ पुरी केली, अगदी सुरात. नवा संच येऊन तीन आठवडे झाले होते आणि त्यांना सगळा पाठ होता. भांडी घासताना दुसरं करायचं काय?

गिटारचा एकट्याचा तुकडा आला तसा डिंडो ड्रमपाशी आला.

“डोकं फिरलंय का तुझं? विमान पकडायचंय?”

“बस.”

“काय बस?”

“सव्वासहाची,” गोरियो म्हणाला. हात थांबले नव्हते. “आई.”

डिंडोने वळून पाहिलं. तिसऱ्या रांगेत सगळ्या नाचत होत्या. एकटी बसलेली बाई लगेच सापडली. पर्स मांडीवर, पट्टा खांद्यावर. तो तसाच मागे फिरला. माइकपाशी गेला आणि पुढचं गाणं त्याने स्वतःच अर्धा ठोका आधी उचललं.

पाच त्रेपन्नला तेरावं संपलं.

शेवटच्या गाण्याआधी डिंडो मायभूमीवर बोलायचा. सात मिनिटं, कधी नऊ. तो माइकजवळ आला, पाणी प्यायला, तोंड उघडलं. गोरियोने काठ्या उचललेल्याच होत्या.

“हे गाणं,” डिंडो म्हणाला, “आमच्या ड्रमवाल्याने लिहिलंय.”

आणि बाजूला झाला. आजवर तो हे कुठेच बोलला नव्हता. लोक समजायचे त्याचंच आहे, आणि तो त्यांना समजू द्यायचा.

गोरियोने काठ्या खाली ठेवल्या. बोटांनीच सुरुवात केली, पालथ्या खोक्यावर करावी तशी. सावकाश. संचातल्या मूळ गाण्यापेक्षाही सावकाश. सहाही बाजूंना लिहिलेल्या नावाची ओळ आली तेव्हा सभागृहात कोणी नाचत नव्हतं. तिसऱ्या रांगेत ऑरोराने पट्टा खांद्यावरून उतरवला आणि पर्स खाली, पायाशी ठेवली.

पाच एकोणसाठला शेवटचा ठोका पडला. टाळ्या पडल्या, भरपूर पडल्या, आणि मग एखादा नळ बंद करावा तशा थांबल्या. चार मिनिटांत सभागृह रिकामं. कोणी ‘अजून एक’ म्हणून ओरडलं नाही. डिंडो पडद्याआड घाम पुसत त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिला.

“पडलो आपण,” तो म्हणाला. “आवडलं नाही त्यांना.”

कार्यक्रम लावणारी मिलाताई पुठ्ठ्यांची वाटावाटी सोडवून आली होती. तिच्या बाहीला तीन बिल्ले चिकटले होते.

“अरे राजा, बस काय एकट्या ऑरोराचीच असते? सतरा वर्षं बँड आणतेय मी इथे. एकेक मोठमोठी मंडळी. शेवटचं गाणं येईतो निम्म्या खुर्च्या रिकाम्या, मग गायकसाहेब माझ्याशी दोन दिवस बोलत नाहीत. भरल्या सभागृहात शेवटचं गाणं संपलेलं मी आज पहिल्यांदा बघितलं.”

डिंडो घाम पुसायचा थांबला.

सव्वासातला गोरियोच्या मोबाइलवर निरोप आला. तो तेव्हा पान्सितचा डबा उघडून बसला होता.

“पोचले. आजोबा जेवले, गोळ्या घेतल्या. तू जेवलास का? बाकी सगळी गाणी तू बकाबका खाल्लीस, ते मला कळलं. शेवटचं मात्र हळू. मी इथे यायला निघाले त्या सकाळी असाच भात खात होतास, एकेक शीत. तुझं ताट संपल्यावर निघेन म्हणाले होते मी, म्हणून.”

गोरियोने लिंबाची फोड सोडली, पिळली, आणि बराच वेळ शेवया नुसत्याच हलवत राहिला. एल्मरने त्याच्या डब्यातलं उचलायला हात पुढे केला होता, तो मागे घेतला.

पुढचा रविवार तायपेईत होता. तिथल्या बायकांनाही सुट्टी रविवारचीच. डिंडोचं मौन चालू होतं. वाफेच्या भांड्यातून तोंड न काढता त्याने वही पुढे सरकवली. पानावर एकच ओळ होती, या खेपेला अगदी सुवाच्य.

“आज कोणाची?”

गोरियोने मान हलवली. त्याचं इथे कोणी नव्हतं. एल्मर कोपऱ्यात बेसच्या तारा जुळवत होता.

“मावशी,” एल्मर म्हणाला. “सहा चाळीस.”

डिंडोने वही जवळ ओढली, मायभूमीचं पान फाडलं आणि घडी करून केराच्या टोपलीत टाकलं. गोरियो कानात बसवलेलं यंत्र काढून खिशात ठेवत होता.