मामाच्या वाट्याची टोपली

"अजून ओढ. अजून. अरे, पट्टा आवळतोयस की गजरा बांधतोयस?"

"मामा, श्वास घेता येणार नाही हं तुम्हाला," बबलू म्हणाला.

"श्वास नंतर घेईन. आधी ओढ."

लग्नाच्या हॉलमागच्या खोलीत अंबाजीमामा भिंतीला दोन्ही हात टेकून पाठमोरे उभे होते आणि शेजारचा बबलू त्यांच्या कमरेचा पट्टा आवळत होता. पट्ट्यावर बनियन, बनियनवर नवा कुर्ता, म्हणजे कुणाला काही दिसायला नको. जन्मभर सिटी बस चालवून मामांची कंबर पार कामातून गेली होती. अंबरपेठच्या डॉक्टरने तर पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही असं बजावलं होतं. आणि आज मामांना उचलायची होती ती रेणुका, जरीच्या साडीतली, दागिन्यांनी मढलेली त्यांची भाची.

"पोरीला बोललास तर बघ," मामांनी दम भरला.

"हौ मामा, कितीदा सांगाल? पण ही परेशानी कायकू? आम्ही तिघं आहोत ना उचलायला. तुम्ही नुसते पुढं चाला."

"नुसतं पुढं चालायला मी काय बँडवाला आहे?"

नवरामुलगा तेजस तेलुगू घरातला. त्यांच्यात नवरी पायी मांडवात येत नाही. ती बांबूच्या मोठ्या टोपलीत बसते आणि तिचा मामा ती टोपली उचलून आणतो, सोबत घरातले दोघं-तिघं हात लावतात. पहिल्याच भेटीत तेजसच्या आईने विचारलं होतं, "मेनमामा कौन हैं?" म्हणजे नवरीचा सख्खा मामा कोण. मामांकडे बोट दाखवल्यावर ती बाई खुर्चीवरून उठली आणि हात जोडून उभी राहिली. मामांना एवढा मान कुणी कधी दिला नव्हता. बसमध्ये तर लोक 'ए डायवर' म्हणून ओरडायचे.

तेव्हापासून रेणुकाला जगभरच्या लग्नांचा नादच लागला. जेवता जेवता फोन पुढे करायची. "मामा, हे बघा, जर्मनीत नवरा-नवरी मिळून लाकडाचा ओंडका कापतात. आणि हे चीनमधलं. यांच्यात नवरी लग्नाआधी महिनाभर रोज रडते."

"महिनाभर? बाप रे! आपल्याकडे एका दिवसात उरकतं, तेच बरंय बाई."

"तुम्ही रडणार का?"

"मी कशाला रडतोय? सुटलो म्हणेन."

सुटलो कसले! ताटातली भाकरी मोडायची सोडून मामा नुसते तिच्याकडे बघत बसायचे.

रेणुका चार वर्षांची असताना तिची आई, मामांची धाकटी बहीण त्रिवेणी, गेली. बाप शंकरराव मुलीला 'चार दिवस ठेवा' म्हणून मामांकडे सोडून गेला, निजामाबादला दुसरं लग्न केलं आणि तिकडचाच झाला. ते चार दिवस काही संपले नाहीत. पहाटेची ड्युटी असली की मामा पोरीला शेजारच्या कुसुमताईंकडे झोपवून जायचे. तिची वेणी एका बाजूला सैल आणि एका बाजूला घट्ट घालायचे. खाकी कपड्यांतच नारायणगुड्याच्या शाळेत मास्तरीणबाईंची बोलणी ऐकायला जायचे. त्यांना स्थळं आली, नाही असं नाही. पण पदरात पोर बघून आली तशी गेली आणि मामांनीही तो विषय सोडून दिला.

आता कन्यादानाला जोडपं लागतं. त्यातून बाप जिवंत. तेजसच्या घरच्यांनी साधं, सरळ विचारलं, "वडील बसतील ना?" त्यात त्यांचं काय चुकलं? रेणुका मात्र घरी येऊन भडकली.

"ज्यानं मला कधी साधा फ्रॉक घेतला नाही, तो माझं दान करणार? मी नाही बसायची. मी कॅन्सल करते सगळं!"

"होऊ दे गं."

"मामा, तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"भांडायला अंगात जीव लागतो, पोरी. माझ्यात नाही उरला आता. आणि सासरी पहिल्याच दिवशी तमाशा नको."

ती आठवडाभर त्यांच्याशी धड बोलली नाही. वाटत कसं नव्हतं? आतून नुसता जाळ झाला होता. पण मामांनी मनाची समजूत घातली होती. दान त्याचं, टोपली माझी. नवरीच्या खोलीपासून मांडवापर्यंतची वाट तेवढी आपल्या वाट्याची आणि ती आपल्या हातांनी पार करायची. मग कंबर मोडली तरी बेहत्तर.

मामा पट्टा सावरत बाहेर आले, तर समोर शंकरराव. नवं धोतर, कपाळाला टिळा, शेजारी बायको.

"काय अंबाजी, तब्येत उतरली तुमची." शंकररावांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाकी पोरीचं तुम्ही बरं केलंत हो."

शेजाऱ्याने गावाला जाताना ठेवायला दिलेलं मांजर परत घेताना बोलावं, तसं बोलणं! मामांच्या तोंडाशी शिवी आली होती. ती त्यांनी गिळली.

"मांडवात बसा. बोलावतील तुम्हाला," एवढंच म्हणाले आणि नवरीच्या खोलीकडे वळले.

गौरीपूजा आटोपून रेणुका टोपलीत बसली होती. हातात नारळ, अंगावर एवढं सोनं, एवढी फुलं. पंतुलूंनी, म्हणजे त्यांच्या भटजींनी, हाक दिली. सनई सुरू झाली. बबलू आणि त्याचे दोन भाऊ वाकले. मामाही पुढच्या बाजूला वाकले, काठ घट्ट धरला, दात आवळले. कमरेतून कळ कधी येते याची वाट बघत म्हणाले, "उचला."

टोपली वर आली. कळ आली नाही.

मामांनी हाताकडे पाहिलं. बोटं काठावरच होती, पण बोटांना काही ओझंच नव्हतं. बबलूने एक हात आपल्या बाजूला आणि दुसरा मामांच्या हाताखालून तळाशी लावला होता. मान खाली घालून तो घामाघूम झाला होता. मामांनी रेणुकाकडे पाहिलं. ती बबलूला डोळ्यांनी 'सांभाळ' म्हणत होती. मामांची नजर दिसताच तिने चटकन समोर बघितलं.

म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं. बबलूला हिनेच पढवलं होतं.

एवढंच तर मागितलं होतं, तेही काढून घेतलंस? वाटलं, हात सोडून द्यावा आणि मागच्या दाराने घरी निघून जावं. पण रेणुकाची हनुवटी थरथरत होती. लहानपणी खोटं बोलल्यावर थरथरायची, अगदी तशीच. दानावरून आठवडाभर रुसलेली पोर आज त्यांच्या कमरेला भिऊन बसली होती. मामांचा राग टिकेना.

दोन्ही बाजूंनी लोक फोन उंचावून उभे होते. तेजसची आई कौतुकाने बघत होती. मामांनी पाठ वाकवली, पावलं जड टाकली, मधेच 'हुश्श' केलं. मांडवात अंतरपाटामागे टोपली टेकली तेव्हा रेणुका हळूच म्हणाली, "मामा, फार लागलं का हो?"

"लागेल नाहीतर काय," मामा म्हणाले. "केवढी जड झालीस गं."

आणि खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी आपलं कोरडं कपाळ पुसलं.