उधळलेलं घड्याळ

हे मी सांगितलं की आमच्या गावचा बैलसुद्धा नकारार्थी मान हलवतो, मग माणसानं विश्वास ठेवायचं काही कारणच नाही. नका ठेवू. पण त्या दुपारी विहिरीत जो उभा होता तो मी होतो, आणि आज नागपुरात भावाच्या घरी वरण-भात चेपतो आहे तोही मीच.

समोर पुतणी गार्गी. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी घड्याळाची कोणती चिप घ्यावी, ते मोबाइलवर बघत बसलेली.

"स्वस्तातली घेऊ नको वं पोरी," मी म्हणालो. "मी घेतली होती. मरता मरता वाचलो."

"मोठेबाबा, घड्याळानं कोणी मरते का?"

"ऐक तर."

नरखेडकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेत मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून मी स्वतः एक डबा बनवला होता. आत वेळ सांभाळणारी आरटीसी चिप, तिला ठेका देणारी तांदळाच्या दाण्याएवढी क्रिस्टलची नळी, आणि मोटरला लाइन सोडणारा रिले. संध्याकाळी सहा वाजले की रिले 'टक' करणार आणि मोटर चालू.

मे महिना होता. विहिरीत मोटरच्या केबलचा जोड सुटला म्हणून भर दुपारी उतरलो. आधी मेन स्विच पाडायचा, हे शेंबडं पोरही सांगेल. पण सहाला खूप अवकाश होता, आणि आपल्या हातच्या डब्यावर भरवसा नाही ठेवायचा तर कोणावर? माकडं शिरतात म्हणून मोटरच्या खोलीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली.

कमरेएवढं पाणी. हातात उघडी तार. वर खोलीच्या खिडकीपाशी बायको सुभद्रा; गजांच्या आत डब्यावरचे लाल आकडे तिला दिसत होते.

"अहो, पाच वाजले!"

"चष्मा पूस. आत्ताच तर जेवलो."

"साडेपाच झाले! आकडे पळून राहिले हो!"

मानेवरचा घाम तिथल्या तिथं गार पडला. पायऱ्या समोरच्या काठाला, मधे सगळं पाणी. तार धरली तर करंट हातात, सोडली तर पाण्यात. पाण्यात तर मीच.

"किल्ली फेका वर!"

फेकली. कठड्याला आपटून परत आली आणि माझ्या डोळ्यांदेखत बुडाली.

"मी गजांतून हात घालते, वायर ओढते," सुभद्रा रडत म्हणाली.

"हात लावू नको! तूही जाशील!"

मग ती आकडे सांगेनाशी झाली. ते जास्त वाईट. वरून फक्त तिचे हुंदके यायचे, आणि मी कानात प्राण आणून त्या 'टक'ची वाट बघत होतो. तेवढ्यात कपारीतून बेडकानं पाण्यात उडी घेतली. मला वाटलं, रिलेच. देवाचं नाव घ्यावं म्हटलं तर एकाही देवाचं आठवेना.

गार्गीनं मोबाइल बाजूला ठेवला होता. "मग?"

"मग डोक्यात उजेड पडला. टिनाखालची खोली, भट्टीसारखी तापलेली. त्या गरमीनं क्रिस्टल घोड्यासारखा उधळला होता! म्या बोंबललो, सुभद्रे, पदरानं वारा घाल वं! तिनं असा वारा घातला, असा घातला, का क्रिस्टल थंडा पडला. आकडे थांबले. अन् मंग एकेक मिनिट उलटे फिरले! सहाले टेकलेलं घड्याळ साडेपाचवर आलं तवा मी पायऱ्या चढलो, अन् चार वाजता आम्ही दोघं चहा पिऊन राहिलो होतो."

गार्गी उठून उभीच राहिली.

"मोठेबाबा, सरासर खोटं बोलून राहिले तुम्ही! हा क्रिस्टल गरमीनं पुढं नाही पळत, मागं पडते! तुमची मोटर उलट उशिरा चालू झाली असती. आरामात चढून आले असते वर. मंग भेव कायचं वाटलं तुम्हाले?"