बावडी ते घाट, पायी

सुखरामच्या घरात जावई सहजासहजी पसंत होत नाही. पत्रिका जुळो, पगार जुळो, पोरापोरीचं फोनवर जुळून वर्ष झालेलं असो, पोराला हट्टा गावच्या पायऱ्यांच्या बावडीपासून नदीच्या डोंगाघाटापर्यंत पायी न्यायचं आणि घाट येईपर्यंत हौ की नाही ते ठरवून टाकायचं. सुखरामला त्याच्या सासऱ्याने असंच नेलं होतं. वाट अडीच कोसांची. आधी शेतांच्या धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, मग मोहाच्या झाडांखालून, मग नदीच्या काठाकाठाने. ही परीक्षा आहे, हे पोराला सांगायचं नाही. चला पाहुणे, पाय मोकळे करून येऊ, एवढंच म्हणायचं. पसंत पडला तर घाटावर त्याच्या हातात नारळ द्यायचा आणि खांद्यावर शेला टाकायचा. नाही पडला तर डोंग्यात, म्हणजे लहान नावेत, बसवून पलीकडच्या बस-थांब्याकडे रवाना करायचं, की झालं.

थोरल्या दोघी मुली अशाच उजवल्या. एक लामत्याला, एक बिरसाला. थोरला जावई प्रेमलाल याने तर वाटेत दुसऱ्याच्या शेतातला हरभरा उपटला होता. पण अर्धी जुडी त्याने न मागता सासऱ्याच्या हातात ठेवली आणि तेवढ्यावर पास झाला.

आता पाळी धाकटीची, अंजूची. अंजू कोकणात एका दवाखान्यात नर्स होती, आणि तिने तिकडचाच पोरगा पसंत केला होता. लोकेश त्याचं नाव. बंदरात मच्छीमारी लाँचची इंजिनं दुरुस्त करायचा. सुखरामने जावई शोधायला कधी नकाशा उघडला नव्हता, तो यावेळी उघडला आणि लगेच मिटला. हट्ट्यापासून दोन गाड्या, एक बस, वर दोन रात्री. नोकरीला गेलेली पोर सुट्टीत घरी येते. सासरी गेलेली पोर तेवढ्या लांबून काय म्हणून येईल? त्यामुळे सुखरामचं मन आधीच ठरलं होतं. पोरगा चांगला असो की वाईट, घाटावर त्याला डोंग्यात बसवायचं. फक्त काहीतरी खोट सापडली पाहिजे, म्हणजे अंजूला तोंड दाखवता येईल.

फाल्गुनात लोकेश पाहुणा म्हणून आला, आणि त्या सकाळी सुखरामच्या बायकोने, गोदाबाईने, पिशवी भरली. तांदळाची भाकर, मिरचीचा ठेचा, ताकाची बाटली, तळाशी नारळ आणि शेला. आठ दिवसांच्या सुट्टीवर आलेली अंजू बाजूलाच, जगातलं काहीच ठाऊक नसल्यासारखा चेहरा करून, पिशवीचे बंद बांधत होती.

"आयका ना," गोदाबाई म्हणाली, "आज वरून धरणाचं पाणी सोडून राह्यले. काल भोंग्यावर सांगून गेले. काठाकाठानंच जाजा, रेतीत उतरू नोका."

"हौ, हौ," सुखराम म्हणाला. त्याला त्यातलं अक्षर ऐकू गेलं नव्हतं. त्याच्या डोक्यात खोट शोधायचं काम आधीच सुरू झालं होतं.

बावडीपाशी त्याने लोकेशला खालच्या मजल्यापर्यंत उतरवलं आणि वर चढवलं. पोरगा दगडावर हात फिरवत म्हणाला, "केवढं थंड आहे हो काका इथे!" आणि वर आला तेव्हा त्याला साधी धापसुद्धा लागली नव्हती. पिशवी त्याने न सांगता आपल्या खांद्याला अडकवली. सुखरामला ते अजिबात आवडलं नाही.

मग धुरे लागले. माणूस खरा कळतो तो इथे, असं सुखरामचं ठाम मत. आडदांड माणूस धुरा फोडतो, घाईचा माणूस पिकात पाय टाकतो. लोकेशने बूट काढले, नाड्या बांधून गळ्यात लटकवले आणि अनवाणी असा चालला की मातीचं एक ढेकूळ हललं नाही.

"शेती हाय काय तुमची?" सुखरामने कुरकुरत विचारलं.

"नाही हो. बोटीवरून बोटीवर जायची फळी याच्यापेक्षा अरुंद असते. खाली पाणी, हातात इंजिनचं सामान."

हरभऱ्याचं शेत आलं. हिरवे घाटे अगदी हाताशी लोंबत होते. सुखराम मुद्दाम मागे राहिला आणि आशेने बघू लागला. लोकेशने शेताकडे मानसुद्धा वळवली नाही. मोहाखाली फुलं वेचणाऱ्या बायांना त्याने वाकून रामराम केला. एकीने ओंजळभर मोहफुलं दिली, तर आधी सुखरामपुढे केली. असल्या पोराला नापास करायचं तरी कसं? सुखरामच्या कपाळावर घाम आला, आणि तो उन्हाचा नव्हता.

नदी दिसली तेव्हा त्याला युक्ती सुचली. काठाची वाट सोडून तो पोटरीभर पाण्यातून पलीकडच्या रेतीच्या बेटावर गेला. रेतीत चालताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात. पण झालं भलतंच. पोरगा बालपणापासून रेतीत वाढलेला, तो पुढे तुरुतुरु, आणि सुखराम मागे धापा टाकत. शेवटी सुखरामच बसला.

"जेवून घेऊ, पाहुणे," तो म्हणाला. जसं काही हेच आधीपासून ठरलं होतं.

जेवण झालं. लोकेशने ठेचा दोनदा मागून घेतला, डोळ्यांतून पाणी आलं तरी हटला नाही. उरलेलं ताक गार राहावं म्हणून सुखरामने पिशवी पाण्याच्या कडेला ओल्या रेतीत टेकवली. तेवढ्यात त्याला दिसलं की पोरगा झाऊच्या झुडपाची एक काडी तोडून बरोबर पाण्याच्या काठावर रोवतो आहे. बूट मात्र त्याने बेटाच्या सगळ्यात उंच जागेवर नेऊन ठेवले होते.

"हे काय करून राह्यले?"

"खूण, काका. पाणी चढतंय का बघायला."

सुखराम एवढा हसला की त्याला ठसका लागला. "अहो, ही नदी हाय! तुमचा समुद्र नाई. फागुनात नदी चढत नाई, आटते. आभाळ पाहा. ढगाचं नावनिशाण हाय काय?"

"नाही," लोकेश ओशाळून म्हणाला. "पण सवय आहे. काडी रोवल्याशिवाय पाण्याजवळ पाठ टेकवतच नाही मी."

सापडली! सुखरामचा जीव भांड्यात पडला. पोरगा भित्रा आहे. पोटरीभर पाण्याला भिणाऱ्या माणसाच्या हाती पोर कशी द्यायची? गोदाबाईला हे कसं सांगायचं त्याचे शब्द जुळवत जुळवत, टॉवेल तोंडावर घेऊन तो दिवसभरात पहिल्यांदा सुखाने आडवा झाला.

"काका! उठा! काडी बुडाली!"

सुखरामने डोळे उघडले आणि आधी आभाळ बघितलं. निळं, कोरडं, स्वच्छ. मग खाली बघितलं. काडी कुठेच नव्हती. बेट निम्मं झालं होतं, आणि सकाळचं पोटरीभर पाणी आता मातकट होऊन चांगलं जोराने धावत होतं. तेव्हा कुठे गोदाबाईचा शब्दन् शब्द त्याच्या कानात वाजला.

"अरे बापा! धरणाचं पाणी!"

लोकेशने बूट गळ्यात अडकवले आणि त्याचं मनगट पकडलं. दोघे पाण्यात शिरले. धारेला आडवं न जाता तिरकं जायचं, हे सुखरामला ठाऊक होतं आणि पोरालाही न सांगता ठाऊक होतं. पाणी कमरेला लागलं. तेवढ्यात मागून पिशवी तरंगत आली आणि त्यांच्या बाजूने निघाली.

"जाऊ द्या तिले!" सुखराम ओरडला.

"काका, त्यात नारळ आहे!"

सुखराम भर धारेत थांबला. "तुमाले कोणं सांगितलं?"

"अंजूने! चला ना!"

"काय काय सांगितलं?"

"सगळंच! धुरा, हरभरा, शेला! काका, आधी बाहेर पडू, मग ओरडा!"

ते काठावर पडले ते दोघेही चिखलाने माखलेले. पिशवी वळणाआड दिसेनाशी झाली होती. सुखरामला राग यायला हवा होता, आणि आलाही. पण रागावून बोलायला तोंड उघडलं तर हसूच बाहेर पडलं.

"म्हंजे सकायपासून नाटक करून राह्यले होते?"

"अर्धं. ठेचा खरंच आवडला."

"अन् ते काडी? तेही अंजीनंच शिकोलं?"

"नाही," लोकेश म्हणाला. "तेवढंच तिने सांगितलं नव्हतं."

सुखराम बराच वेळ ओल्या धोतराचा सोगा पिळत बसला. दिवसभरात पोराने स्वतःच्या मनाने केलेली गोष्ट एकच, आणि त्याच गोष्टीवर आपण त्याला नापास केलं होतं. तीच नसती तर आज आपण टॉवेलाखाली घोरत घोरत घाटाच्या पुढे निघून गेलो असतो. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"खरं सांगू, पाहुणे? मी तुमाले नापासच कराले निघालतो. तुमचं काई चुकलं नाई. तुमचं गाव लय दूर हाय, एवढंच. पोरगी गेली का गेली, असं वाटते मले."

"ठाऊक आहे," लोकेश हळूच म्हणाला. "अंजूने तेही सांगितलं होतं."

उरलेली वाट ते काठाने, ओलेचिंब चालले. घाटावर महागू डोंगेवाला डोंगा वर ओढून, बिडी पेटवून बसला होता. त्याच्या बाजूला पिशवी होती, निथळत.

"सुखराम, तुही पिशवी तुह्याआधी घाटावर पोचली गड्या!" तो म्हणाला. "बांबूनं ओढली. अंदर नारळ हाय. आता बोल, पाहुण्याले पलीकडं सोडू का नाई?"

सुखरामने नारळ बाहेर काढला आणि शर्टाला पुसला. शेला पिळला. लोकेशच्या हातात नारळ दिला, खांद्यावर तो ओला शेला टाकला, आणि मग हात तिथेच राहू दिला.

"नोको सोडू. जवाई हाय माहे. परत पायीच जाऊ आमी."

लोकेश पाया पडला. उठला तो जरा चाचरतच. "मामा, एक सांगायचं राहिलं. अंजूने ही चाल आमच्या बाबांनाही सांगितली, आणि त्यांना ती फार आवडली. ते म्हणाले, आपणही मुलीच्या बापाला चालवून बघू. आमचं गाव किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. तिथून बंदरापर्यंत समुद्राच्या कडेने वाट जाते. सात किलोमीटर, फार अवघड नाही. पास झाले तर म्हणे बंदरावर ताजी मासळी खाऊ घालू."

"अन् नापास झालो तं?"

"तर पुढच्या वर्षी परत यायचं. बाबा म्हणतात, पास करायची त्यांना काही घाई नाही."

महागू खो खो हसला. सुखराम हसला नाही. त्याने नदीकडे तोंड फिरवलं, डोळे पुसले, आणि ओल्या टॉवेलाने डोळे पुसून काही उपयोग होत नाही हे कळल्यावर तसेच राहू दिले.

"वाटेत पाणी लागते काय?" त्याने विचारलं.

"एका खाडीचं तोंड लागतं. ओहोटीतच ओलांडता येतं."

"मंग भरती किती वाजता हाय ते पहिलेच सांगून ठेवजा, जवाई," सुखराम म्हणाला. "अन् माह्यासाठी एक काडी तोडून ठेवजा."