छपराखालचा जोड

बायकोला, मंगलीला, जाऊन सव्वा महिना झाला, तेव्हा लालसूभाऊंनी रीताला बोलावणं धाडलं. तिच्यासाठी दवाखान्यातून आणलेलं ऑक्सिजनचं मशीन परत करायचं होतं. त्याआधी मशीन आणि इन्व्हर्टर यांपैकी नेमकं काय बिघडलंय हे त्यांना पाहायचं होतं. बिघडलेली वस्तू दुसऱ्या आजाऱ्याच्या घरी जाऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

एटापल्लीकडच्या त्या गावांत वायरमनचं काम करणारी रीता ही एकटीच बाई. मंगलीच्या मरणाला ती आली होती, पण घरात शिरून मशीन पाहावं असं काही तिला तेव्हा सुचलं नव्हतं.

लालसूभाऊंनी हकीकत सांगितली. माघापासूनच इन्व्हर्टर कुईकुई करायचा. बॅटरी संपली असेल म्हणून त्यांनी नवी आणून लावली, तरी तेच. मग एका सकाळी ते मोहाची फुलं वेचून परतले, तर मशीन गप्प होतं आणि मंगलीही.

रीतानं विजेच्या मीटरखालच्या बोर्डात दाब मोजायचं यंत्र लावलं. दोनशे पंचवीस व्होल्ट. दाब ठीक होता. मग तिनं मशीन सुरू केलं, तसा आकडा एकशे नव्वदवर आला. पाण्याची मोटर लावली, तर थेट एकशे चाळीस. इन्व्हर्टरला वाटायचं वीज गेली. तो घर बॅटरीवर घ्यायचा आणि बॅटरी भरायचीच नाही; ती संपली की मशीनही बंद. शेजारी बापूरावांकडे मात्र भाऊंची मोटर चालू असतानाही दाब जागचा हलला नाही. म्हणजे खोट खांबापासून लालसूभाऊंच्या मीटरपर्यंतच कुठंतरी होती.

लाइनमनला सांगून तिनं वीज बंद करवली, तपासून खात्री केली आणि शिडी लावली. भाऊ खाली शिडी धरून उभे राहिले. छपराच्या वळचणीला खांबावरून येणारी तार घरच्या तारेला जोडलेली होती. वरची टेप वितळून काळी पडली होती. तिनं ती सोलली. आत तांब्याची तार ॲल्युमिनियमवर नुसतीच पिळलेली, वर गंजाची पांढरी भुकटी, आणि न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, जेमतेम एका काडीवर टेकलेली.

तो पीळ तिनं ओळखला. तीन वर्षांपूर्वीच्या वादळानंतर तिनंच तो मारला होता. त्या आठवड्यात अकरा घरं अंधारात होती, जोडणीच्या क्लिपा संपल्या होत्या, आणि सगळीकडे असाच पीळ मारून, पुढच्या खेपेला नीट करून देते असं ती सांगून गेली होती. पुढची खेप कधी झालीच नाही.

ती टेप खिशात घालून गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. टेप हातात घेऊनच ती खाली उतरली.

"भाऊ, मशीन चांगलं आहे. इन्व्हर्टरबी चांगला आहे. वरचा जोड जळला. तो मीच केलता."

लालसूभाऊंनी विचारलं,

"जोड चांगला असता तं ती वाचली असती का?"

"मले नाई सांगता येत, भाऊ. पन मशीन बंद पडलं नसतं."

त्यांनी शिडीवरचा हात काढला आणि ते आत गेले. रीतानं नवी क्लिप बसवली, वीज सुरू करवली. मशीन आणि मोटर दोन्ही लावून पाहिलं, तर दोनशे बावीस. रिकाम्या खाटेशेजारी मशीन हवा फेकत राहिलं. भाऊंनी येऊन बटण बंद केलं, नळी गुंडाळली आणि मशीन पोत्यात बांधायला घेतलं. तिनं हात लावू पाहिलं, तर ते नको म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून रीता उरलेली दहा घरं फिरली. चार ठिकाणी टेप वितळायला लागली होती. पैसे तिनं कुठंच घेतले नाहीत, आणि चूक कुणाची हे प्रत्येक घरी सांगितलं. कुणी हसण्यावारी नेलं, कुणी पुढल्या कामाला एटापल्लीहून दुसरा माणूस आणला.

लालसूभाऊ तिच्याबद्दल कुणाकडे वाईट बोलले नाहीत. पण बाजारात समोर आली की ते तिच्याकडे न पाहता पुढे निघून जातात, आणि ती वाट सोडून उभी राहते.