बिघाड कुठे

दवाखान्यात फुप्फुसांच्या तपासणीला येणाऱ्या प्रत्येकाला नळीत फुंकायला लावणारे तंत्रज्ञ, म्हणजे सगळ्यांचे फुंकामास्तर, एकच ऐकवायचे, "ताठ बसा. वाकलात की पोट दाबलं जातं आणि छातीखालच्या पडद्याला खाली सरकायला जागा उरत नाही." या ज्ञानाचा त्यांना भारी तोरा होता.

श्वास मोजणारं मशीन नीट चालतंय ना, हे बघायला रोज सकाळी ते स्वतःच नळीत फुंकत. महिनाभर त्यांचा आकडा घसरत गेला, तेव्हा मशीनच्या नावाने बोटं मोडत त्यांनी मेकॅनिकला बोलावलं.

मेकॅनिक फुंकला, तर आकडा चोख आला. मास्तर फुंकले आणि तो पुन्हा खाली.

"मशीन माणूस बघून वागतं की काय?" मास्तर वैतागले.

रांगेतल्या आजी म्हणाल्या, "मास्तर, आकडा बघायच्या नादात तुमची पार घडी झालीय की."

खरंच होतं. आकडा जसजसा घसरला, तसतसे मास्तर काळजीने स्क्रीनवर जास्तच वाकत गेले होते. ते ओशाळून ताठ झाले, फुंकले आणि आकडा टुणकन वर गेला.

मेकॅनिकने पुढे केलेल्या फॉर्मवर 'बिघाड कुठे' असा रकाना होता. मास्तरांनी लिहिलं, 'खुर्चीत.'

"मग खुर्ची बदलून देऊ?"

"नको," मास्तर म्हणाले, "ती ताठ आहे."