खिशातली वायर

चाचणीच्या इंजिनाला एका बाजूने जाड काच होती. आत्याने पुतणीला स्टुलावर उभं केलं.

"ही खालची मोठी खोली. इथे हवा फार, गॅस थोडा. एवढ्याशा ठिणगीने ते धड पेटत नाही. म्हणून वर ही चिमुकली खोली, बाटलीच्या बुचाएवढी. ठिणगी इथे पडते. मग हिच्या सहा भोकांतून ज्वाळा पिचकारीसारख्या खाली सुटतात आणि मोठी खोली चहूकडून पेटते."

"म्हणजे ओल्या लाकडांना काडी लावत बसायचं नाही, जळतं कोलीतच टाकायचं!"

"वा, मास्तरीणबाई!"

कारखान्यात एक नियम होता. इंजिनाला हात लावायचा तर ठिणगीची वायर उपसून आपल्या खिशात ठेवायची. नियम घालून दिला आत्याच्या वडिलांनी, आणि याच इंजिनात त्यांची तीन बोटं गेली. वायर खिशातच होती, असं ते मरेपर्यंत सांगत राहिले. कुणाला पटलं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, म्हणून सगळे हसत. आत्याला ते हसू अजून बोचत होतं.

इंजिन कालपासून बंद होतं, गारठलेलं. आत्याने वायर खिशात घातली आणि चाकाच्या आऱ्यांत हात घालून ते हळूहळू फिरवू लागली.

"आत्या, आत दिवा आहे."

"काच चमकत असेल गं."

"नाही. सहाही भोकं लाल झालीत. माझ्याकडे बघतायत."

आत्याने झटकन हात काढला. चाक आपल्याच भाराने थोडं पुढे गेलं, आणि धप्प! काचेआड सहा निळ्या ज्वाळा सुटल्या. चाक गरकन फिरलं आणि थांबलं.

आत्याने आधी गॅस बंद केला. मग इंजिनावर तळहात ठेवला. बर्फासारखं गार.

"कधीकधी आतली काजळी तापून लाल राहते," ती सावकाश म्हणाली. "मग ठिणगीवाचूनही गॅस पेट घेतो. पण त्याला इंजिन तापलेलं लागतं..."

"ते अजून बघतंय, आत्या."

आवाज ऐकून म्हातारा फिटर धावत आला. "वायर विसरलीस ना? बापाचीच लेक!"

आत्याने खिशातून वायर काढून त्याच्यासमोर धरली.

फिटरने वायरकडे पाहिलं, मग काचेकडे पाहिलं.

"म्हणजे तो खरं सांगत होता," तो पुटपुटला.

काचेआड एकेक करत सहाही भोकं काळी झाली.